डिजिटल रेडिओ आणि सुजाताची तोडी

माझी बायको पहिल्यांदा रेडिओवर गायली, ते गाणं अख्ख्या इंदापूर तालुक्यात ज्या एका घरात ऐकू आलं नाही, ते घर आमचं.

यात रेडिओ केंद्राची काही चूक नव्हती. पावसाची नव्हती, विजेचीही नव्हती. (वीज गेली असती तर फार बरं झालं असतं, सगळं खापर तिच्यावर फोडता आलं असतं.) चूक विज्ञानाची होती. आणि नव्वदच्या त्या दशकात अंथुर्ण्यात विज्ञान म्हणजे मी! हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो. गावातल्या बंद पडलेल्या इस्त्र्या, पंखे, बॅटऱ्या माझ्याकडे यायच्या आणि परत जाताना त्या कायमच्या बंद पडलेल्या असायच्या. तरी लोक आणायचे. माझ्या बोलण्यात तेवढी ताकद होती.

सुजाता, म्हणजे माझी बायको, गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. आठवड्यातून दोनदा ती एसटीने बारामतीला जाऊन एका बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकायची, हे गावात फारसं कोणाला माहीत नव्हतं. रियाज ती पहाटे करायची. तिचा रियाज मी वर्षानुवर्षं रोज ऐकला, पण झोपेत. त्यामुळे रेडिओच्या चाचणीत ती पास झाल्याचं पत्र आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं आणि ते लपवताना माझी फार तारांबळ उडाली.

आमचे शेजारी गणपततात्या. ऊसवाले, कारखान्याचे सभासद, आणि दुसऱ्याच्या घरातल्या बातमीवर पहिला हक्क आपला असं मानणारे. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मास्तर, नर्सबाई रेडिओवर गाणार म्हनं?"

"होय तात्या. शास्त्रीय. राग तोडी."

"आरं तिच्या! बाईंनी सुई टोचल्यावर लोकं गात्यात, एवढंच आमाला ठावं हुतं!"

पुण्याला जाऊन रेकॉर्डिंग झालं. (मी सोबत गेलो होतो. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिथेही मला झोप लागली.) मग कार्यक्रमाचा दिवस कळला. रविवार, सकाळी साडेआठ, वीस मिनिटं. आणि पिंपळीहून माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, तात्यांच्या घरच्या फोनवर निरोप आला की मी ऐकायला लेकीकडंच येणार.

आबांचं सांगायला हवं. तरुणपणी त्यांची गायनपार्टी होती. जयंतीच्या दिवसांत हार्मोनियम डोक्यावर घेऊन ते गावोगाव हिंडायचे, रात्रभर गायचे आणि सकाळी परत कामावर जायचे. रेडिओच्या चाचणीला ते दोनदा पुण्याला गेले आणि दोनदा परत आले. "तितं लाल दिवा लागला की माझा सा कुठं पळायचा, त्यालाच ठावं," असं हसत सांगायचे. लेकीची बोटं पेटीवर पहिल्यांदा त्यांनीच धरून फिरवली. एक दिवस म्हणाले, "बाई, माझ्याजवळचं सरलं. आता बारामतीला चल," आणि स्वतः तिला घेऊन त्या बाईंच्या दारात उभे राहिले. आता वय झालं होतं, कान जरा जड झाले होते. त्यांनी फोनवर मला एवढंच विचारलं, "गुरुजी, माझा रेडिओ संगं आणू का? जुना हाय, पर पुणं चोख लागतंय."

मी म्हणालो, "आबा, तुम्ही फक्त या. इथं अमेरिका आलीय!"

आली होती खरी. माझा चुलतभाऊ मिलिंद संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता. तो सुट्टीवर आला आणि वहिनी रेडिओवर गाणार म्हटल्यावर त्याने आपला रेडिओ आम्हाला भेट देऊन टाकला. काळाभोर, वहीएवढा, आणि डिजिटल! फिरवायचं बटण नाही, सरकणारा काटा नाही. नुसते आकडे. बटण दाबलं की हिरव्या उजेडात आकडा पुढे सरकायचा. सोबत एक जाडजूड माहितीपुस्तिका होती. ती मी वाचली नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने पुस्तिका वाचायची म्हणजे आचाऱ्याने वरणाची कृती विचारण्यासारखं!

शनिवारी संध्याकाळी मी अंगणात प्रात्यक्षिक ठेवलं. लंडन लावलं. मॉस्को लावलं. चीनमधली कोणी बाई खणखणीत आवाजात काहीतरी सांगत होती, ती लावली. मंडळी थक्क. फक्त तात्या रेडिओ उलटासुलटा करून बघत होते.

"मास्तर, ह्याचा काटा कुठं हाय?"

"तात्या, डिजिटलला काटा नसतो."

"काटाच न्हाय?" तात्यांचा चेहरा गंभीर झाला. "आवं, ऊस मोजायला काटा असून कारखान्यावर इश्वास बसंना आमचा. हितं तर काटाच न्हाय! कसा भरवसा धरायचा?"

लोक हसले. मीही हसलो. आता वाटतं, त्या अंगणात तेवढं एकच शास्त्रीय वाक्य बोललं गेलं होतं.

सुजाता दारात उभी होती. म्हणाली, "अहो, लंडन झालं, मॉस्को झालं. एकदा पुणं लावून बघा ना."

"पुणं? अगं, जगाच्या टोकाचं लागतंय. पुणं म्हणजे हाकेच्या अंतरावर!"

आणि मी पुणं लावून बघितलं नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण येणाऱ्या सगळ्यांना नीट ऐकू जावं, विशेषतः आबांना, म्हणून मोठा स्पीकर हवा होता. तो कुठून आणायचा? आमच्या घरातला जुना रेडिओ होताच. मी तो खोलला, त्याचा स्पीकर काढला आणि वायरी जोडून अमेरिकेला लावला. (जुना रेडिओ चांगला चालू होता. हे वाक्य मी आजही हळू आवाजात म्हणतो.) मग शाळेतून टेपरेकॉर्डर आणला. शाळेने त्याला धूळ लागू नये म्हणून खाकी कापडाची खोळ शिवली होती, बटणांपुरती पुढून उघडी. गाणं टेप करून ठेवायचं, असा बेत.

रविवारी सकाळी तात्या आपला छोटा रेडिओ काखेत घेऊन आले. "मास्तर, असू द्या हितं जवळ. लागला तर लागला."

"तात्या, तुमचा खरखर करतो. टेपमध्ये येईल ती. न्या परत."

रानात पाणी धरायला निघालेल्या आपल्या गड्याच्या, बबनच्या, हातात तात्यांनी तो रेडिओ दिला आणि सतरंजीवर येऊन बसले.

अंगण भरलं. आबा शनिवारी रात्रीच आले होते. पांढरा स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, खुर्ची अगदी स्पीकरला लावलेली. सुजाता उंबऱ्यावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. मी टेप दहा मिनिटं आधीच सुरू करून ठेवला. घाई नको! शिवाय बरोबर साडेआठला रेडिओ आपोआप सुरू व्हावा म्हणून त्याला गजर लावून ठेवला होता.

साडेआठला गजर झाला.

गजर म्हणजे गजरच झाला. पीं, पीं, पीं, पीं! रेडिओ सुरू व्हायच्या ऐवजी नुसतं पीं पीं, आणि तेही जुन्या रेडिओच्या मोठ्या स्पीकरमधून. कुत्री भुंकू लागली. तात्यांच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. मी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं दाबलं तर आवाज दुप्पट झाला.

"हीच का तोडी?" मागून कोणीतरी विचारलं.

"गप बसा! कोणी हलू नका!" मी ओरडलो. (हलत फक्त मीच होतो.)

शेवटी काहीतरी दाबलं गेलं आणि गजर थांबला. मी पुणं लावायला घेतलं. पुणं सातशे ब्याण्णववर, हे पोरासोरांनाही माहीत होतं. मी बटण दाबलं. सातशे सत्तर. सातशे ऐंशी. सातशे नव्वद. आठशे.

मागे आलो. आठशे. सातशे नव्वद.

पुन्हा पुढे. सातशे नव्वद. आठशे!

"काय झालं?" सुजाताने विचारलं.

"काही नाही. हा... जरा दहा-दहाच्या उड्या मारतोय."

"आणि पुणं?"

"पुणं मधे आहे."

सातशे नव्वदवर कोणीतरी होतं. नक्की होतं. पण गळ्याला तीन मफलर गुंडाळून, तोंडात घास धरून, बंद कोठीच्या आतून बोलावं तसं. त्यात माझ्या जोडलेल्या स्पीकरची घूं. त्या घूंच्या पलीकडे माझी बायको तोडी गात होती आणि मला ती बायको आहे की बुवा, हेही कळत नव्हतं.

तात्या म्हणाले, "आलं ध्यानात. ही इनाथांबा गाडी हाय मास्तर! आपला फाटा सोडून म्होरं न्हेतीय."

"तात्या, प्लीज!"

"पर उतरायचं हितंच हाय की!"

मग मला आठवलं, आपोआप स्टेशन शोधायचं एक बटण आहे. दाबलं. आकडे धडधड पळाले, पुण्यावरून सुसाट गेले आणि भलतीकडेच जाऊन थांबले. तिथं एक गृहस्थ कुठल्याशा भाषेत बातम्या देत होते. पुन्हा दाबलं. भजन. पुन्हा दाबलं. नुसती शिट्टी. रेडिओला सगळा देश सापडत होता, फक्त पुणं तेवढं मान्य नव्हतं!

आबा या सगळ्यात मान जराशी वाकडी करून कान स्पीकरला लावून बसले होते. मधेच त्यांनी हळूच विचारलं, "लागलं का गुरुजी? का माझ्याच कानाला येईना?"

त्या प्रश्नाने मी उठलोच. तात्यांचा रेडिओ! मी चप्पल घालायलाही थांबलो नाही. "आलो!" म्हणून जी धूम ठोकली, ती थेट तात्यांच्या उसात.

आता, उसातून पळायचं नसतं, हे कोणताही शेतकरी सांगेल. पण मी शिक्षक. पात्यांनी दोन्ही गाल कापले. त्यात बबनने पाणी सोडलेलं. सरीत पाय गेला तो गुडघ्यापर्यंत. ओढून काढला तर दुसरा गेला. पुढे जाऊन उताणा पडलो, उठलो, पालथा पडलो. दुरून आवाज येत होता. बाईचा. स्वच्छ, मोकळा, उंच जाणारा. मी ओळखला. मफलर नाही, घूं नाही. सुजाता! मी चिखलात ढोपरावर उभा राहून क्षणभर ऐकलं, आणि तो आवाज एकाएकी अगदी बारीक झाला.

बांधावरच्या बाभळीला रेडिओ टांगला होता आणि बबन खाली बसून भाकरी खात होता.

"बबन! बारीक का केलास?"

"आवं मास्तर, मगाधरनं एक बाई आ आ करतीया. मला वाटलं, पोटात कळा येत्यात का काय बिचारीला. जेवण जाईना."

मी झडप घालून आवाज वाढवला. निवेदिका शांतपणे म्हणाली, "...सुजाता लोंढे यांनी गायलेला राग तोडी आत्ताच आपण ऐकलात." आणि पाठोपाठ बाजारभाव सुरू झाले.

मी तो रेडिओ छातीशी धरून परत निघालो. कशासाठी, हे मला सांगता येणार नाही. निदान तिचं नाव घेतलं गेलं, एवढं तरी आबांना सांगावं. रस्त्याने येताना रेडिओ कांद्याचे भाव सांगत होता.

अंगणात पोचलो तर सगळं चिडीचूप. मला वाटलं, लोक कंटाळून गेले. पण कोणी गेलं नव्हतं. सगळे जागच्या जागी बसलेले, आणि तात्यांची बायको पदराने डोळे पुसत होती. तात्या माझ्याकडे बघून कुजबुजले, "मास्तर, कुठं उलथला हुता? बाई गायल्या की!"

"गायल्या? कुठं?"

"आवं हितं! समोर!"

झालं होतं असं. मी पळालो आणि पाच-सात मिनिटं लोक त्या घूंकडे बघत बसले. मग आबांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. (बंद करायचं बटण त्यांना पहिल्या झटक्यात सापडलं!) लेकीला म्हणाले, "बाई, तू समोर हायस की. आमी लांबचं कशापायी धुंडाळतोय? म्हण." सुजाता नको म्हणाली. तंबोरा आत होता, तबला तर नव्हताच. आबांनी मांडीवर ठेका धरला. आणि ती उंबऱ्यावर बसल्या बसल्याच गायली. तेच, तोडीच. मी तिकडे कांद्याचे भाव ऐकत होतो, तेव्हा इकडे तोडी चालू होती.

आबांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ते मला जवळ बोलावून म्हणाले, "गुरुजी, तुमचा रेडिओ लई भारी. बंद पडला म्हणून ऐकाया घावलं!"

मी सुजाताकडे पाहिलं. माझ्या डोक्यापासून पायापर्यंत चिखल, गालावर रक्ताचे ओरखडे, काखेत बाजारभाव. ती काही रागावली नाही. फक्त म्हणाली, "पाय धुऊन या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मी टेपरेकॉर्डर परत करायला गेलो. आमचे मुख्याध्यापक खोळ काढून मशीन तपासत म्हणाले, "झालं ना टेप? ह्याचं हेच बरं आहे. ह्यातच रेडिओ, ह्यातच टेप. टू-इन-वन!"

मी खाली वाकून पाहिलं. खोळीखाली काटा होता. लाल, बारीक, सुरेख काटा. आणि तो पुण्याच्या आसपासच उभा होता.

"काय हो, घाम का आलाय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

टेपमध्ये काय आलं, तेही सांगून टाकतो. गजर आला. म्हैस आली. "कोणी हलू नका" हे तर फारच स्पष्ट आलंय. मग माझी पळापळ, मग नुसती घूं, मग आबांचं "म्हण". मग सुजाताचा सा लागतो, एकच, लांब, भरलेला. आणि खट्! अर्ध्या तासाची बाजू संपली. मी दहा मिनिटं आधी सुरू केला नसता तर... पण जाऊ द्या. पुढे फोनवर मिलिंदने सांगितलं की रेडिओच्या मागे सेलच्या झाकणात एक बारीक बटण आहे; अमेरिकेत स्टेशनं दहा-दहाच्या अंतराने असतात आणि आपल्याकडे नऊ-नऊच्या. ते नखाने सरकवायचं, बस्स. "पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे की रे," म्हणाला.

सुजाताला रेडिओवर दुसरा कार्यक्रम मिळाला, त्याच्या आधीच आबा गेले. पिंपळीला आम्ही त्यांच्या घरात बसलो होतो तेव्हा कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला लेकीचं गाणं रेडिओवर ऐकायचं राहिलं. सुजाता म्हणाली, "नाही राहिलं. आबांनी ऐकलं." मी खाली मान घालून बसलो. राहिलं होतं ते कोणाचं, हे तिथे मला एकट्यालाच माहीत होतं.

त्यानंतर ती खूपदा गायली. रेडिओवर गायली, बारामतीत गायली, भिगवणला एका लग्नात लोकांच्या आग्रहाखातर आचाऱ्यांचं मासे तळणं थांबवून गायली. भूप, यमन, बिलावल, सगळं ऐकलं मी. जागेपणी ऐकलं. पण तोडी नाही. तोडी तिने पुन्हा लावलीच नाही. मी एकदा धीर करून विचारलं.

"सुजाता, तोडी का गात नाहीस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोडीला सकाळ लागते हो. आणि ऐकणारा जागेवर बसलेला लागतो."

तेव्हापासून मी रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून जागेवर बसतो. अजिबात हलत नाही. आजवर चहा आलाय, दूधवाला आलाय, तात्या तर रोजच येतात, एकदा पायाशी विंचूही येऊन गेला. तोडी तेवढी अजून यायची आहे!